विश्वाचं आधण

पहाटेची काकडआरती आटोपून नृसिंहवाडीच्या घाटाच्या पायऱ्या चढून वर आलेली मंडळी आधी चहाचा गाडा गाठतात. कृष्णेवरून गार वारा येत असतो आणि सगळ्यांचे डोळे स्टोव्हवरच्या पातेल्याकडे लागलेले असतात. त्या पातेल्याला एकदा डोळ्यांऐवजी कान लावून बघा. उकळी फुटायला अजून दोन-तीन मिनिटं असतात, तेव्हाच आधण सूं सूं करत बोलायला लागतं. आवाज वाढत जातो. आता खळखळून उकळी फुटली की तो आणखी चढेल असं वाटतं, पण होतं उलटंच. उकळी येते आणि आवाज खाली बसतो. मऊशी गुडगुड तेवढी उरते.

असं का व्हावं? घरोघरी रोज घडणारी गोष्ट, पण कुणी फारसं विचारत नाही. विचारलं, तर उत्तराचा धागा थेट विश्वाच्या पहिल्या सेकंदापर्यंत जातो. त्या धाग्याचं एक टोक आपल्या पुणे जिल्ह्यात आहे आणि दुसरं हिंगोलीत रोवलं जातंय.

बुडबुडा मरतो कुठे

पातेल्याचा तळ आचेला सगळ्यात जवळ. तिथलं पाणी आधी शंभर अंशांच्या थोडं वर जातं आणि वाफेचा इवलासा बुडबुडा धरतो. तो तळ सोडून वर निघतो, पण वरचं पाणी अजून नव्वद-पंचाण्णव अंशांवरच असतं. त्या गार थरात शिरताच आतल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, बुडबुड्याची जागा एकाएकी रिकामी पडते आणि चहूबाजूंचं पाणी तिथे येऊन आदळतं. त्या आदळण्याचा ‘चट्’ असा बारीक आवाज होतो. असे असंख्य ‘चट्’ एकात एक मिसळले की आपल्याला सूं सूं ऐकू येतं. पुढे सगळंच पाणी तापलं की बुडबुडे वाटेत मरत नाहीत, सावकाश वर येऊन फुटतात. म्हणून आवाज मऊ होतो.

यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, पाण्याची अवस्था बदलते आहे. दोन, ती सगळीकडे एकदम बदलत नाही; जागोजागी बुडबुडे धरून बदलते. तीन, या बुडबुड्यांच्या धावपळीतून लहरी उठतात आणि त्या बाहेर जातात. म्हणूनच स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असलं तरी सोप्यात बसलेल्या माणसाला आधण येतंय हे कळतं.

आच नसलेलं पातेलं

सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी आपलं विश्व कमालीचं तप्त आणि दाट होतं. तेव्हापासून ते पसरतंय आणि पसरता पसरता निवतंय. वाफ निवली की पाणी होतं, पाणी निवलं की बर्फ होतं. तसं निवता निवता विश्वाचंही अवस्थांतर झालं. आपल्याला ठाऊक असलेली अवस्थांतरं दोन आहेत.

पहिलं झालं तेव्हा तापमान एकावर पंधरा शून्यं इतक्या अंशांच्या घरात होतं आणि विश्वाचं वय होतं सेकंदाच्या शंभर अब्जाव्या भागाएवढं. त्याआधी इलेक्ट्रॉनसारख्या मूलकणांना वस्तुमानच नव्हतं. विश्वभर पसरलेलं हिग्ज क्षेत्र तोवर जणू बंद होतं. या टप्प्यावर ते चालू झालं, कणांना वस्तुमान मिळालं, आणि तोवर एकत्र नांदणारी विद्युतचुंबकीय व दुर्बल ही दोन बलं वेगळी झाली. दुसरं अवस्थांतर विश्व सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढ्या वयाचं असताना, तापमान दीड-दोन लाख कोटी अंशांवर उतरल्यावर झालं. तोवर मोकळे फिरणारे क्वार्क नावाचे कण तेव्हा तिघातिघांनी बांधले गेले आणि त्यांतून प्रोटॉन-न्यूट्रॉन घडले.

ही अवस्थांतरं बुडबुडे धरून झाली असतील, तर त्यांचं चित्र पातेल्यापेक्षा दोन बाबतींत वेगळं असणार. पातेल्याला तळ आहे, काठ आहे, खाली आच आहे. विश्वाला यातलं काहीच नाही. तिथे बुडबुडा कुठेही धरू शकतो, आणि तो असतो नव्या, निवलेल्या अवस्थेचा. भोवताली जुनी तप्त अवस्था. दुसरं असं की एका ठरावीक आकारापलीकडे गेलेला बुडबुडा विरत नाही. अवस्था बदलताना सुटणारी ऊर्जा त्याच्या भिंतीला बाहेर रेटते आणि ती भिंत प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करत पसरते. शेजारून दुसरा बुडबुडा तसाच पसरत येत असतो. दोघांची टक्कर अटळ.

गोल बुडबुडा मुका असतो

इथे गुरुत्वीय लहरी म्हणजे काय ते सांगायला हवं. आइन्स्टाइनने १९१६ मध्ये मांडलं की वस्तुमानांची वेडीवाकडी हालचाल झाली की अवकाशच किंचित ताणलं-आखडलं जातं आणि ही ताण-आखड प्रकाशाच्या वेगाने बाहेर पसरते. लहर अंगावरून गेली तर आपण एका दिशेने कणभर लांबतो, आडव्या दिशेने कणभर आखडतो आणि पुढच्या क्षणी उलट. हे ‘कणभर’ किती? १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेली लहर पहिल्यांदा पकडली, तेव्हा तिच्या ४ किलोमीटर लांब भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी कमी होता.

‘वेडीवाकडी’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. नीट गोल राहून फुगणारी वस्तू कितीही जोरात फुगली तरी गुरुत्वीय लहर काढत नाही. एकटा बुडबुडा म्हणून मुका. दोन बुडबुडे भिडले की गोलाई मोडते आणि मग लहरी सुटतात. अशा बुडबुड्यांतून गुरुत्वीय लहरी निघतील, हे एडवर्ड विटेन यांनी १९८४ मध्ये आणि क्रेग होगन यांनी १९८६ मध्ये दाखवलं.

पुढे बरीच वर्षं सगळ्यांचं लक्ष टकरीवरच होतं. २०१३ मध्ये मार्क हिंडमार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर हे बुडबुडे फुगवून पाहिले, तेव्हा निराळंच निघालं. टक्कर क्षणात संपते. पण बुडबुड्यांच्या भिंतींनी ढकललेल्या त्या तप्त कणांच्या रश्श्यात ध्वनिलहरी उठतात, आणि भिंती नाहीशा झाल्यावरही त्या बराच काळ घुमत राहतात. गुरुत्वीय लहरींचा मोठा वाटा या घुमण्यातून येतो. अवस्था बदलली, बुडबुडे गेले, आवाज मागे राहिला. पातेल्याची उपमा मी सोयीसाठी घेतली खरी, पण या ठिकाणी ती उपमेपेक्षा जास्त जवळची ठरते.

प्रकाशाला जे दिसत नाही

एवढ्या जुन्या आवाजामागे लागायचं कशाला? कारण त्या काळाची बातमी देणारं दुसरं काही थेट आपल्यापर्यंत पोचतच नाही. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं होईपर्यंत त्यातून प्रकाश मोकळेपणी जाऊ शकत नव्हता; जागोजागी मोकळे इलेक्ट्रॉन त्याला अडवत होते. कितीही मोठी दुर्बीण लावा, प्रकाशाची नजर त्या पडद्यापाशी थांबते. गुरुत्वीय लहरींना मात्र कुणी अडवत नाही. पहिल्या सेकंदात निघालेली लहर सगळ्यातून आरपार आजपर्यंत येऊ शकते.

दुसरं कारण आपल्या अस्तित्वाशीच निगडित आहे. सुरुवातीला पदार्थ आणि त्याचा उलटा जोडीदार, प्रतिपदार्थ, जवळजवळ सारखेच होते. एकमेकांना भिडून दोघेही नष्ट होतात. तरी साधारण एक अब्ज जोड्यांमागे पदार्थाचा एक कण जास्तीचा उरला, आणि त्या उरलेल्या चिल्लरीतून तारे, कृष्णा-पंचगंगा, तुम्ही-मी सगळे झालो. हा जास्तीचा कण आला कुठून? रशियन शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव यांनी १९६७ मध्ये त्यासाठी काही अटी सांगितल्या. त्यातली एक अशी, की कधीतरी विश्वात मोठी असमतोल उलथापालथ झाली पाहिजे. हिग्जचं अवस्थांतर बुडबुड्यांनी झालं असेल, तर ती उलथापालथ आयतीच मिळते.

पण बुडबुडे आलेच नसतील तर?

गोम इथे आहे. अवस्थांतर बुडबुड्यांशिवायही होऊ शकतं. पाण्याचंच बघा. दाब वाढवत नेऊन हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २१८ पटींवर आणला आणि तापमान ३७४ अंशांच्या पुढे नेलं, तर पाणी आणि वाफ यांच्यातली सीमाच पुसली जाते. त्या दाबाखाली पाणी कितीही तापवा, एकही बुडबुडा धरत नाही. ते हळूहळू विरळ होत वाफेसारखं होतं. अमुक क्षणी वाफ झाली असं बोट ठेवून सांगता येत नाही. आधण मुकाट्याने येतं.

विश्वाच्या बाबतीत या दाबाचं काम हिग्ज क्षेत्राच्या कणाचं, म्हणजे हिग्ज कणाचं, वस्तुमान करतं. केइयो कायांतिए, मिको लाइने, कारी रुम्मुकाइनेन आणि मिखाइल शापोश्निकोव या चौघांनी १९९६ मध्ये हिशेब मांडला, की हिग्ज कण प्रोटॉनच्या साधारण ८० पटींहून जड असेल तर बुडबुडे येणार नाहीत. त्या वेळी हिग्ज सापडलेलाच नव्हता. ४ जुलै २०१२ रोजी तो जीनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडल्याचं जाहीर झालं आणि वस्तुमान निघालं प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट. क्वार्कच्या अवस्थांतराबद्दलही २००६ च्या संगणकीय हिशेबाने तोच निकाल दिला: सगळं गुळगुळीत, बुडबुडे नाहीत.

म्हणजे आज पाठ्यपुस्तकात असलेलं भौतिकशास्त्र सांगतं की विश्वाचं आधण मुकाट्याने आलं. या सगळ्या विषयात मला हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते, आणि बातम्यांमध्ये नेमकी हीच गळते. सुरुवातीच्या विश्वातल्या बुडबुड्यांचा आवाज उद्या खरोखर सापडला, तर तो ज्ञात सिद्धान्ताचा विजय ठरणार नाही. आपल्या यादीत नसलेला एखादा कण किंवा एखादं बल तेव्हा कामाला होतं, याचा तो पुरावा असेल. हिग्जला जोडीदार असेल, किंवा न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याची स्वतःची वेगळी बलं असतील, तर बुडबुडे येऊ शकतात. असे सिद्धान्त कागदावर ढिगाने पडून आहेत. त्यांची चाळणी करायला कुणीतरी ऐकलं पाहिजे.

केसाएवढी लहर

ऐकायचं, पण किती उंच स्वरात? हिग्जच्या अवस्थांतराच्या वेळी प्रकाशाला एकूण जेमतेम काही मिलिमीटर अंतर कापायला वेळ मिळाला होता. बुडबुडे त्याहून बारीक असणार. समजा, तेव्हा निघालेली लहर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे जाडसर केसाएवढी होती. तेव्हापासून विश्व जवळपास दोन हजार लाख कोटी पटींनी ताणलं गेलं आहे. त्यासोबत ती लहरही ताणली गेली आणि आज तिची लांबी झाली सुमारे २० कोटी किलोमीटर. पृथ्वीपासून सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. अशी एक लहर आपल्यावरून जायला दहा-अकरा मिनिटं लागतात.

जितकं आधीचं, तप्त अवस्थांतर, तितका आजचा स्वर उंच; जितकं नंतरचं, तितका खर्ज.

> चौकट: कोणती लहर कुठे ऐकायची
>
> क्वार्कच्या काळातली लहर: एक हेलकावा पुरा व्हायला महिने ते वर्षं लागतात. साधन: स्पंदक तारे. भारतात खोडदची जीएमआरटी दुर्बीण.
>
> हिग्जच्या काळातली लहर: एक हेलकावा मिनिटांपासून काही तासांचा. साधन: युरोपीय अवकाश संस्थेची लिसा ही मोहीम. २५ लाख किलोमीटर अंतरावरची तीन याने. उड्डाण २०३५ च्या सुमारास.
>
> त्याहीपेक्षा फार आधीची लहर: सेकंदाला दहा ते हजारो हेलकावे. साधन: लायगो आणि तिचं औंढा नागनाथला होणारं भारतीय भावंड.

खोडदच्या जाळ्या

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावपासून आत वळलं की खोडदच्या शिवारात प्रचंड पांढऱ्या परड्यांसारख्या तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. जवळून पाहिलं तर कळतं की त्या भरीव नाहीत; ताणलेल्या दोरांवर बारीक तारेची जाळी बसवली आहे, त्यामुळे वारा आरपार जातो आणि वजनही कमी राहतं. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण अशा ३० तबकड्यांची आहे.

तिथे गुरुत्वीय लहरींचं काय काम? काही मेलेले तारे स्वतःभोवती सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात आणि प्रत्येक गिरकीला रेडिओलहरींचा एक ठोका आपल्याकडे धाडतात. या स्पंदकांचे ठोके इतके नेमके असतात की पुढचा कधी येणार हे वर्षानुवर्षं आधी सांगता येतं. आपण आणि स्पंदक यांच्यामधून एखादी मोठी गुरुत्वीय लहर गेली की अंतर सूक्ष्म बदलतं, आणि ठोका सेकंदाच्या एखाद्या कोट्यंशाने लवकर किंवा उशिरा येतो. एका ताऱ्यावरून काही सिद्ध होत नाही. ताराच जरा चुकार असेल. पण आकाशात विखुरलेल्या अनेक ताऱ्यांच्या चुका एका ठरावीक पद्धतीने जुळू लागल्या, तर कारण मधल्या अवकाशात आहे. रॉनल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी १९८३ मध्ये ही पद्धत सांगितली: दोन ताऱ्यांमधला कोन किती, त्यावर त्यांच्या चुकांचा मेळ ठरतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले भालचंद्र जोशी आणि त्यांच्यासोबतचे भारतीय व जपानी शास्त्रज्ञ काही वर्षं खोडदहून हे ठोके मोजत आहेत. त्यांची खास कामगिरी कमी वारंवारितेची आहे. ताऱ्यांमधल्या विरळ वायूमुळे ठोके रेंगाळतात, आणि वारंवारिता जितकी कमी तितके जास्त रेंगाळतात. तो उशीर नीट वजा केला नाही तर गुरुत्वीय लहरीचा भास होतो. खोडदला तो उशीर फार अचूक मोजता येतो.

२९ जून २०२३ रोजी युरोप आणि भारताच्या गटांनी २५ स्पंदकांच्या नोंदी एकत्र करून निष्कर्ष मांडले. त्याच वेळी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनीही आपापले. सगळ्यांना एकच खर्जातली गुणगुण ऐकू येत होती. ‘शोध’ म्हणण्याइतकी खात्री अजून झालेली नाही, म्हणून शास्त्रज्ञ ‘पुरावा’ हाच शब्द वापरतात.

ही गुणगुण कशाची? सर्वात सरळ उत्तर असं, की दूरच्या दीर्घिकांच्या पोटात एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या. पण आकड्यांमध्ये सुरुवातीच्या विश्वातले बुडबुडेही बसतात. पैज लावायची तर मी कृष्णविवरांवर लावीन, कारण दीर्घिका एकमेकींत मिसळतात हे आपण पाहिलं आहे. क्वार्कच्या काळातल्या तापमानाला बुडबुडे आणायचे तर नवं बल कल्पावं लागतं. निवाडा करायचा मार्ग मात्र आहे. बुडबुड्यांच्या आवाजाचा एका स्वरावर उंचवटा असेल आणि तो आकाशात सगळीकडून सारखा येईल. कृष्णविवरांचा आवाज खर्जाकडे वाढत जाईल, आणि जवळची एखादी दणकट जोडी असेल त्या बाजूने जास्त येईल. त्यासाठी आणखी ताऱ्यांच्या आणखी काही वर्षांच्या नोंदी हव्यात.

हिंगोली, पुणे, कोल्हापूर

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. केंद्र सरकारने तिला १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. खर्च २६०० कोटी रुपये. तिच्या भुजा अमेरिकेतल्यासारख्याच ४ किलोमीटरच्या. हिग्जच्या काळातली लहर तिला ऐकू येणार नाही, त्या लहरीचा स्वर वेगळा. आजवर लायगोच्या पट्टीत अशी आदिम गुणगुण सापडलेली नाही. तरी तिथे शोधायचं तंत्र तेच: एका वेधशाळेत गुणगुण आणि यंत्राची खरखर सारखीच दिसते, म्हणून दूरच्या दोन वेधशाळांच्या नोंदी ताडून दोन्हीकडे समान काय आहे ते शोधायचं. अशा गुणगुणीचा आकाशभर नकाशा कसा काढायचा, याची एक पद्धत पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या संजित मित्रा, संजीव धुरंधर आणि तरुण सौरदीप यांनी २००८ मध्ये मांडली. धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी तर १९९१ मध्येच, लायगोची पायाभरणीही व्हायच्या आधी, खरखरीतून कृष्णविवरांचा संकेत वेगळा काढण्याचं गणित आयुकात बसून केलं होतं.

ती आयुका उभी करणारे जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे. जन्म १९ जुलै १९३८. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही कोल्हापूरचेच आणि गुरुत्वाकर्षणाच्या गणितातले जाणकार. गंमत अशी, की जयंतरावांना विश्वाची सुरुवात महास्फोटातून झाली ही कल्पना कधीच पटली नाही आणि २० मे २०२५ रोजी त्यांचं निधन झालं तोवर त्यांनी ते मत सोडलं नाही. पहिल्या क्षणातल्या बुडबुड्यांबद्दल ते काय म्हणाले असते, हे वेगळं सांगायला नको. तरीही त्यांच्याच संस्थेत या लहरींचं गणित तयार झालं, आणि मला वाटतं, संस्थेबद्दल याहून चांगलं प्रशस्तिपत्र नाही.

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आगेमागे, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. त्या दिवसांत दुर्बीण लोकांना जवळून बघता येते आणि शास्त्रज्ञ उत्तरं द्यायला हजर असतात. घरात किंवा शाळेत विचारणारी पोरं असतील तर त्यांना एकदा घेऊन जा.